वेरूळच्या आधी विद्यापीठाचे वस्तुसंग्रहालय

वेरूळची लेणी पाहण्यास निघालेल्या कुटुंबांना, शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांना आणि सेवानिवृत्तीनंतर देशदर्शनास बाहेर पडलेल्या ज्येष्ठांना काही शंका वारंवार पडतात. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात इतिहास विभागाचे जे वस्तुसंग्रहालय आहे, ते केवळ तेथील विद्यार्थ्यांकरिता राखलेले आहे की बाहेरच्या माणसासही ते पाहण्याची मुभा आहे. मुभा असल्यास ती कोणाकडे व कशी मागावी. आणि आत गेल्यावर, काचेखाली मांडलेली खापरे, नाणी व भग्न मूर्ती यांतून इतिहासाचे विशेष शिक्षण न झालेल्या माणसाने काय ग्रहण करावे, असे हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि त्यांचा उलगडा वेळीच होत नसल्यामुळे बहुसंख्य प्रवासी शहरातून थेट वेरूळचा रस्ता धरतात.

माझे सांगणे असे की, वेरूळ पाहण्यापूर्वी हे संग्रहालय पाहावे. वेरूळचा डोंगर ही स्थावर वस्तू आहे. ती जागेवरच पाहिली पाहिजे. परंतु त्या काळच्या माणसांच्या हातांतून फिरलेली नाणी, त्यांची स्वयंपाकाची भांडी, दाने नोंदविणारे ताम्रपट, काळ मोजण्याची साधने हा सारा जंगम ऐवज जिथे सापडला तिथून उचलून संग्रहालयांत आलेला आहे. सकाळी हा जंगम ऐवज नजरेखालून घातला आणि दुपारी लेण्यांत पाऊल ठेवले, की प्रत्येक दगडापाशी विचारावयाचा प्रश्न आपल्याजवळ तयार असतो.

संग्रहालय कोणाचे, हे आधी ओळखा

एकाच शहरात निरनिराळ्या धन्यांची संग्रहालये असतात आणि प्रत्येकाची वेळ, शुल्क व शिस्त वेगळी असते. एका ठिकाणचे तिकीट दुसरीकडे दाखवून हुज्जत घालणारे प्रवासी मी पाहिले आहेत. त्यांचा दोष नाही, कारण हा भेद कोणी समजावून सांगत नाही.

- विद्यापीठाचे वस्तुसंग्रहालय. ते एका अध्यापन विभागाचा भाग आहे. तेथील वस्तू अभ्यासासाठी जमविलेल्या असतात, म्हणून कार्यालयीन वेळ, सुट्ट्या व परीक्षांचा हंगाम या सर्वांचा त्याच्या उघडे असण्यावर परिणाम होतो. परवानगी विभागप्रमुखांकडे मागावी.
- राज्य शासनाची संग्रहालये. विद्यापीठालगतचा सोनेरी महाल हा सतराव्या शतकातील बुंदेला सरदाराचा वाडा राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. पैठणचे कै. बाळासाहेब पाटील संग्रहालयही शासकीय आहे. येथे तिकीट काढून सरळ आत जाता येते. साप्ताहिक सुटीचा वार मात्र आधी विचारून घ्यावा.
- महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालय. मराठेशाहीच्या काळात ज्यांना रस आहे त्यांनी हे चुकवू नये. वेरूळ हे भोसले घराण्याचे गाव, मालोजीराजांची गढी तेथेच आहे, ही गोष्ट लक्षात ठेवूनच ते पाहावे.
- वेरूळ लेणी. हे केंद्र सरकारच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित स्मारक आहे व १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना येथे प्रवेशशुल्क नाही.

मानवशास्त्र, कला आणि खगोल ही तिन्ही दालने एकाच छपराखाली असलेले महाविद्यालयीन संग्रहालय आपल्याकडे विरळाच. म्हणून ज्यांना आकाशाचाही परिचय करून घ्यावयाचा आहे, त्यांनी याच शहरातील महात्मा गांधी मिशनच्या शैक्षणिक आवारातील ए. पी. जे. अब्दुल कलाम खगोल-अंतराळ विज्ञान केंद्राची भेट त्याच मुक्कामात जोडून घ्यावी.

वार कोणता निवडावा

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. विद्यापीठाचे विभाग रविवारी व सार्वजनिक सुट्ट्यांना बंद, आणि शनिवारचा भरवसा धरू नये. एवढे तीन नियम समोर ठेवले तर उत्तर आपोआप निघते: सोमवारी संग्रहालय व वेरूळ, मंगळवारी अजिंठा. बुधवार ते शुक्रवार हे वारही सोयीचे आहेत. त्या दिवसांत दोन्ही लेणी उघडी असतात.

वेळेचा क्रम लावताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वेरूळची लेणी ज्या कड्यात कोरली आहेत तो पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे, त्यामुळे सकाळी लेण्यांच्या अंतर्भागात अंधार असतो आणि दुपार कलल्यावर ऊन ओसरीतून आत शिरते. म्हणजे सकाळ संग्रहालयाला आणि दुपार वेरूळला, ही वाटणी सूर्यानेच करून ठेवली आहे. शहरापासून वेरूळ सुमारे तीस किलोमीटरवर. मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नड, चाळीसगाव वा धुळ्याकडे जाणाऱ्या एस. टी. गाड्या वेरूळवरूनच जातात. वाटेत देवगिरीचा किल्ला आणि खुलदाबाद लागते, पण ज्यांच्या हाती एकच दिवस आहे त्यांनी त्या दिवशी किल्ल्याचा मोह टाळावा. त्या चढणीने दुपार खाऊन टाकली की वेरूळच्या कैलास लेण्याला घाईने प्रदक्षिणा घालून परतावे लागते, आणि ते त्या शिल्पाशी अन्यायाचे आहे.

मे महिना व परीक्षांचे आठवडे शक्यतो वगळावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्व दृष्टींनी उत्तम.

पत्र कसे लिहावे

एकट्यादुकट्याने जाणाऱ्यास कार्यालयीन वेळेत विभागात जाऊन, आपले नाव सांगून, नोंदवहीत सही करून संग्रहालय पाहण्याची विनंती करता येते. तथापि पाचसात माणसे असली, अथवा विद्यार्थी बरोबर असले, तर किमान आठ-दहा दिवस आधी लेखी अर्ज द्यावाच. दालनाची किल्ली कोणा एका कर्मचाऱ्याकडे असते, त्याला अन्य कामेही असतात. पत्र हाती असले की त्याची तजवीज होते.

अर्ज विभागप्रमुख, इतिहास व प्राचीन भारतीय संस्कृती विभाग, यांच्या नावे असावा, व त्यात पुढील तपशील असावा:

1. येणाऱ्यांची संख्या, वयोगट व गाव. शाळा असल्यास मुख्याध्यापकांची सही व शिक्का.
2. इच्छित तारीख व वेळ, आणि ती गैरसोयीची असल्यास दुसरी एक तारीख.
3. काय पाहावयाचे आहे. केवळ ‘संग्रहालय पाहावयाचे आहे’ असे लिहू नये. ‘सातवाहनांची नाणी’, ‘उत्खननातील खापरे’, ‘मराठवाड्यातील मूर्ती’ असा विषय नमूद करावा.
4. छायाचित्रे किंवा रेखाटने करावयाची आहेत काय.
5. मंडळीत कोणी चाकाची खुर्ची वापरणारे, दृष्टिहीन वा अतिवृद्ध असल्यास तसा उल्लेख.
6. संपर्काचा दूरध्वनी.

यांतील तिसरे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. विषय लिहिला म्हणजे अर्ज त्या विषयाच्या प्राध्यापकांकडे जातो, आणि पुष्कळदा ते स्वतः येऊन चार गोष्टी सांगतात. शिकविण्याची आवड असलेल्या माणसाला जिज्ञासू श्रोता मिळाला तर तो आनंदाने अर्धा तास देतो, हा माझा ठिकठिकाणचा अनुभव आहे. पत्राची स्थळप्रत जवळ ठेवावी व भेटीच्या आदल्या दिवशी फोन करून खातरजमा करावी.

आत गेल्यावर: माती आणि हाडे

सर्वसामान्य प्रेक्षक मूर्तींकडे धावतो आणि खापरांच्या कपाटावरून नजर फिरवून पुढे जातो. आपण खापरांपासून आरंभ करावा. मराठवाड्याचा प्राचीन इतिहास फार मोठ्या प्रमाणावर मातीच्या तुकड्यांतून वाचला गेला आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे १९७३ मध्ये मराठवाडा विद्यापीठ व नागपूर विद्यापीठ यांनी संयुक्त उत्खनन केले, आणि त्याचा वृत्तांत शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. हे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भरहुत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत या नगराचे नाव येते. त्या उत्खननात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग सापडला, आणि तिचे साम्य निघाले ते थेट इटलीतील पाँपेई नगराच्या राखेतून १९३८ मध्ये मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी. पाँपेई गाडले गेले ते इ. स. ७९ मध्ये, म्हणजे आपल्या मराठवाड्यातील बाजारपेठा आणि रोमचे व्यापारी यांचे दळणवळण त्या वेळी किती निकटचे होते, हे एका तुटक्या हस्तिदंताने सिद्ध केले. भोकरदनच्या ऐवजापैकी काय काय दालनात मांडले आहे, हे पत्रातच विचारून ठेवावे. याच जातीची मूर्ती धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही सापडली असून तेथे लामतुरे संग्रहालय आहे.

खापर पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात: तुकड्याची कड, आतली बाजू आणि मोडलेल्या ठिकाणचा रंग. कडेवरून भांड्याचा आकार कळतो, आतल्या बोटांच्या रेघांवरून ते चाकावर घडले की हाताने, आणि मोडीवरील काळ्या-तांबड्या थरांवरून आव्यात किती आच लागली ते. अभिरक्षकांना विचारावे की, हे खापर कोणत्या थरातून निघाले. थर ज्ञात नसलेली वस्तू सुंदर असूनही साक्ष देण्यास कच्ची ठरते.

ज्यांना माणसाच्या अवशेषांचा, म्हणजे शारीरिक मानवशास्त्राचा, विषय पाहावयाचा आहे त्यांनी पुढे कधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संग्रहालय पाहावे. ह. धी. सांकलिया आणि इरावती कर्वे यांच्या कर्तृत्वाने त्या संस्थेत पुरातत्त्व व मानवशास्त्र यांची जोडगोळी जमली. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननात असे आढळले की, तीन हजार वर्षांपूर्वीचे तेथील शेतकरी आपली गेलेली मुले दोन कुंभ तोंडाशी तोंड लावून त्यांत ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मुलांना बरोबर नेणाऱ्यांनी हे आधी शांतपणे सांगून ठेवावे. हाडांपुढे हसणे, सांगाड्याबरोबर स्वतःचे छायाचित्र काढणे हे प्रकार होऊ देऊ नयेत. ती कोणा तरी आईबापांनी पुरलेली लेकरे आहेत.

नाणी, ताम्रपट आणि मूर्ती

नाण्यांच्या पेटीपाशी थांबावे ते भिंग घेऊन. संग्रहालयात मिळेलच असे नाही, म्हणून घरून न्यावे. सातवाहनांची नाणी बहुतांशी शिशाची व मिश्रधातूची, त्यांवर हत्ती आणि उज्जैनी चिन्ह. ती ओळखण्यास सोपी. पण अधिक बोलकी असतात ती पुनर्मुद्रित नाणी. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून अधिक संख्येचा साठा सापडला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. एका राजाच्या चेहऱ्यावर दुसऱ्या राजाचे चिन्ह, असे नाणे डोळ्यांपुढे धरले की सत्तांतराचा अर्थ पाठ्यपुस्तकाशिवाय कळतो.

वेरूळला जाणाऱ्यांनी आवर्जून विचारावे ते कलचुरी कृष्णराजाच्या लहानशा चांदीच्या नाण्याबद्दल. सहाव्या शतकातील या राजाच्या नाण्यावर एका बाजूस राजाचे मुख आणि दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी असून, लेखात राजा स्वतःला परम माहेश्वर म्हणवितो. वेरूळची आरंभीची शैव लेणी अभ्यासक याच घराण्याच्या काळाशी जोडतात. नाणे प्रत्यक्ष पाहावयास मिळो वा छायाचित्रात, तो नखाएवढा नंदी नीट न्याहाळून ठेवावा. दुपारी त्याचे काम पडणार आहे.

ताम्रपट दिसला तर त्याची कडी व मुद्रा प्रथम पाहावी, अक्षरे नंतर. कडी न कापता तशीच शाबूत असली तर पत्रे अदलाबदल झालेले नाहीत, असा तो पुरावा. कैलास कोणी कोरविला, हे आपण ज्या आधारावर सांगतो त्यांतील प्रमुख आधार वेरूळच्या भिंतीवर नाही. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्क सुवर्णवर्षाचा, इ. स. ८१२ च्या सुमाराचा, बडोद्याचा ताम्रपट सांगतो की, राष्ट्रकूट कृष्णराजाने (वरील कलचुरी राजा निराळा) एलापुर, म्हणजे वेरूळ, येथे असे शिवमंदिर करविले, जे पाहून देवही विस्मित झाले आणि खुद्द शिल्पकारालाही आपण हे कसे केले याचे नवल वाटले. त्या तांब्याच्या पत्र्यावाचून आपले वेरूळचे ज्ञान किती लंगडे राहिले असते, याचा विचार करीत ती कपाटे पाहावीत.

मूर्तींच्या दालनात नाव वाचण्याआधी हात मोजावेत, आयुधे पाहावीत, वाहन शोधावे, आणि मगच फलक वाचावा. याविषयी घरी तयारी करावयाची झाल्यास र. शं. गुप्ते व बी. डी. महाजन यांचा अजिंठा, वेरूळ व औरंगाबाद लेण्यांवरील १९६२ चा इंग्रजी ग्रंथ आजही उपयोगी पडतो. जुने फलक, ग्रंथ व दप्तरे यांत शहराचे नाव औरंगाबाद असेच आढळेल.

आकाशाचे दालन

वर सांगितलेल्या कलाम केंद्रात वा अन्यत्र खगोलाची साधने पाहताना लोक दुर्बिणीपाशी रांग लावतात. दुर्बीण पाहावीच. आपल्या महाविद्यालयांना ती परंपराही आहे: पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा चालविली आणि १९१२ मध्ये ती बंद झाल्यावर तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. परंतु अनभ्यस्त माणसाने आधी शंकू आणि घटिकापात्र यांचे कार्य समजून घ्यावे. बुडाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवली की ती चोवीस मिनिटांत भरून बुडते, ती एक घटिका. अशा साठ घटिकांचा अहोरात्र. शंकू म्हणजे सपाट जागी उभी केलेली काठी. तिच्या सावलीवरून मध्यान्ह, दिशा आणि ऋतू मोजले जात.

हे प्रयोग वेरूळच्या मुक्कामी कोणालाही करता येतात. वेरूळ उत्तरेस सुमारे वीस अंशांवर आहे, म्हणून तेथे ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे वीस अंश वर दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंशांची. उत्तर क्षितिजावर दोन मुठी एकावर एक ठेवल्या की ध्रुव सापडतो. मेच्या विसाव्या तारखेच्या आसपास मध्यान्ही सूर्य तेथे नेमका माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या अखेरच्या आठवड्याच्या सुमारास हे पुन्हा घडते, परंतु तेव्हा आभाळ क्वचितच मोकळे असते.

ज्योतिर्गणित आणि इतिहास यांची गाठ कशी पडते, हे पाहण्यास एक उदाहरण पुरेसे आहे. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की पाटणादेवीचे देवालय लागते. तेथील शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद आहे; डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो प्रकाशात आणला. लेखाची मिती शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. शकाच्या आकड्यात ७८ मिळविले की इसवी सन येतो, हा आपला नेहमीचा हिशोब. त्याने १२०६ निघतात. पण प्रभव हे संवत्सर साठ वर्षांच्या चक्रातले पहिले, ते १९८७ साली आले होते. तेथून साठ-साठ वर्षे मागे मोजीत गेले तर १२०७ हाती येते, आणि अभ्यासकांनी हेच वर्ष ग्राह्य धरले आहे. अशा कामी शं. बा. दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो मार्ग घालून दिला, त्यावरूनच आजचे संशोधक चालतात. मोठ्या इयत्तांच्या विद्यार्थ्यांना हे गणित अवश्य करावयास द्यावे.

दुपारी वेरूळात

वेळ थोडा असेल तर चौतीसही लेणी पाहण्याचा हट्ट धरू नये. पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. सकाळच्या संग्रहालयाशी जोडून पाहावयाची म्हणून मी पुढील क्रम सुचवितो:

- लेणे २१, रामेश्वर. अंगणातल्या उंच चौथऱ्यावरील नंदी आणि कलचुरी कृष्णराजाच्या नाण्यावरील नंदी मनाने शेजारी ठेवून पाहा. दाराशी उभी असलेली गंगा वेरूळच्या सर्वांत सुंदर मूर्तींपैकी आहे.
- लेणे १५, दशावतार. येथे राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा लेख आहे. ताम्रपट पाहून आलेल्यांस शिलालेखाची अक्षरवटिका निराळी वाटेल.
- लेणे १६, कैलास. यास किमान दीड तास.
- लेणे २५, कुंभारवाडा. गर्दी येथवर येत नाही. छताकडे पाहा, सात घोड्यांच्या रथात सूर्य आहे. आकाशाचे दालन पाहून आलेल्यांनी हे लेणे वगळू नये.
- लेणे ३२, इंद्रसभा. मूर्तींबरोबरच छतावरील रंगांचे अवशेष पाहा.

तीन ताल व इतर मजली लेण्यांच्या वरच्या भागी केवळ पायऱ्यांनीच जाता येते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधीच तसा बेत करावा.

छायाचित्रे, रेखाटने आणि स्पर्श

वेरूळच्या लेण्यांत साध्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेण्यास हरकत नसते. तिकाटणे लावावयाचे झाल्यास पुरातत्त्व सर्वेक्षणाची पूर्वपरवानगी लागते. विद्यापीठाच्या संग्रहालयात निर्णय विभागाचा. अप्रकाशित उत्खननाच्या वस्तूंची छायाचित्रे घेऊ दिली जात नाहीत, आणि ते रास्त आहे, कारण त्यांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या संशोधकाने ती प्रथम प्रसिद्ध करावीत हा विद्वज्जनांचा संकेत आहे. चित्रे, हस्तलिखिते व कापड यांसमोर झोताचा दिवा कधीही वापरू नये. रेखाटनास बहुधा कोणी नाही म्हणत नाही. शाईऐवजी शिसपेन्सिल वापरावी. हाताच्या घामातील क्षारांनी नाण्यांचा व कांस्याचा पृष्ठभाग खराब होतो, म्हणून कोणी हाती दिल्यावाचून वस्तू उचलू नये, आणि दिल्यास कडेने धरावी.

आपला हक्क किती

विद्यापीठ सार्वजनिक निधीतून चालते, म्हणून नागरिकास त्याच्या संग्रहालयाविषयी विचारण्याचा अधिकार आहे. अर्जास उत्तर न मिळाल्यास प्रथम कुलसचिवांच्या कार्यालयास स्मरणपत्र लिहावे. बहुतेक प्रकरणे येथेच मिटतात. तरीही खुलासा न झाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपये शुल्कासह अर्ज करून प्रवेशाचे नियम, वेळापत्रक व वस्तूंची नोंदवही पाहण्याची मागणी करता येते. माहिती कशासाठी हवी याचे कारण देण्याची सक्ती नाही, आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. दिव्यांग व्यक्तींना सार्वजनिक इमारतींत सुगम प्रवेश मिळावा, हे २०१६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. उतरण वा तळमजल्यावर सोय मागण्यात संकोच करू नये.

मात्र दालनात न मांडलेल्या, कोठीतील वस्तू पाहण्याचा हक्क सामान्य प्रेक्षकास नसतो. त्यासाठी संशोधनाचा विषय व मार्गदर्शकाचे पत्र लागते.

घरातील आणि शेतातील जुन्या वस्तू

संग्रहालय पाहून परतलेल्या माणसास आपल्या माळ्यावरील पोथी, देवघरातील जुनी मूर्ती, नांगरटीत सापडलेली नाणी आठवतात, आणि त्यांचे काय करावे हा प्रश्न पडतो. याविषयी गैरसमज फार आहेत, म्हणून नियम सांगतो.

जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांहून अधिक किमतीचा असला तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांस लेखी खबर दिलीच पाहिजे. काय सापडले, कोठे, केव्हा, हे त्यात लिहावे. व्यवहारात तलाठी वा तहसील कार्यालयामार्फत पंचनामा होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा व रेडा सापडले. ती शिल्पे आज भारतीय पुरातत्त्वाचा अमोल ठेवा मानली जातात. शेतकऱ्यांनी पुष्कळदा प्रामाणिकपणे दिलेल्या वस्तूंनीच आपली संग्रहालये उभी राहिली आहेत.

वडिलोपार्जित वस्तू बाळगण्यास मनाई नाही. परंतु शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती व चित्रे आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते यांना पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ लागू होतो. अशा काही वर्गांची नोंदणी आवश्यक असते, नोंदलेली वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात गेल्यास नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे लागते, परवान्यावाचून त्यांच्या विक्रीचा धंदा करता येत नाही आणि खासगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत. परगावाहून येऊन रोख पैसे मोजणाऱ्या अपरिचित गिऱ्हाइकास ‘नाही’ म्हणावे.

वस्तू विद्यापीठास द्यावयाची ठरल्यास सही-शिक्क्याची पोच, नोंदवहीतील क्रमांक, आणि फलकावर दात्याचे नाव राहील किंवा राहणार नाही याचा लेखी उल्लेख, या तीन गोष्टी घेतल्यावाचून परत येऊ नये. आणि देण्यापूर्वी तिला धुऊ नये, चिंच-राख लावून घासू नये, तुटका भाग चिकटवू नये. ती कोणत्या गावी, कोणत्या गट क्रमांकात, किती खोलीवर व कशाशेजारी सापडली हे एका कागदावर लिहून, तो कागद वस्तूबरोबर बांधून द्यावा.